जन्मखूण की जखम : डॉ. सुमतीबाई हाडवळे

डॉ. सुमतीबाई हाडवळे यांची आणि माझी ओळख माझ्या दाढेने करून दिली. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मंचरला माझे ट्रॉल्या बनवण्याचे वर्कशॉप जेमतेम उभे राहिले होते आणि राजुरीच्या एका बागाइतदारांची ट्रॉली पोचवायला मी स्वतःच ट्रॅक्टरवर बसून गेलो होतो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला दाढ ठणकत होती. राजुरीत उतरलो तेव्हा माझा एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता. बागाइतदारांनी ट्रॉलीकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, "पावणं, च्या मागनं घिऊ. आदी दातवाल्या बाईंकडं चला."

रस्त्याला लागून दोन खोल्यांचा दवाखाना होता. खुर्चीत मागे रेललो आणि सदऱ्याच्या खिशातली सगळी चिल्लर फरशीवर सांडली. आमचे घर लोणी गावचे, मेंढरे राखणाऱ्यांचे. वडील डोळे मिटून बसायचे आणि घुंगराच्या आवाजावरून कोणती मेंढी कळपातून फुटली ते सांगायचे. ते कान मला मिळाले. वर्कशॉपच्या दारातून आत येतानाच कुठल्या मशीनची बेअरिंग गेली ते मला ऐकू येते. तेव्हा दाढ कितीही ठणकत असली तरी कान चालूच होते. मी गाल धरून म्हणालो, "बाई, त्यातलं एक बोदं वाजलं."

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. वाकून सगळी नाणी गोळा केली आणि एकेक करून पुन्हा फरशीवर टाकली. पाच रुपयांचे जाड नाणे खरोखरच बोदे वाजले, खणखणीत न वाजता बद्द. दात पाहायचे भिंग डोळ्याला लावून त्यांनी त्याची कड हळूहळू फिरवली. मग केसपेपरवरचे नाव वाचून म्हणाल्या, "किसनराव, तुमचे कान फार चांगले आहेत. दातांबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही."

त्या नाण्याच्या पोटात एक बारीक चीर होती. धातूची पट्टी लाटली जात असताना मध्ये काहीतरी मळ अडकला आणि दोन थर नीट जुळले नाहीत, असे त्यांनी सांगितले. "हे टांकसाळीतूनच असं आलंय. ही जन्मखूण आहे, जखम नाही. सांभाळून ठेवा." मग त्यांनी माझी दाढ काढली. तीही सांभाळून ठेवू का, असे मी विचारणार होतो, पण तोंडात कापूस होता.

इथवर वाचून संपादक मंडळाला बरे वाटले असेल. त्यांनी मला 'बाईंच्या गोड आठवणी' लिहायला सांगितले आहे. एक गोड आठवण झाली. पुढचे मी रागात लिहिणार आहे. छापायचे नसेल तर सगळा लेख परत करावा, अर्धा छापू नये. कात्रीने कापलेले नाणे आणि जन्मतःच कड तुटलेले नाणे यांतला फरक ज्यांनी आपल्याला शिकवला, निदान त्यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात तरी कात्री चालवू नये.

बाईंचे शिकवणे कसे होते ते नव्या सभासदांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. रविवारी दुपारी दवाखाना बंद झाला की त्या ओट्यावर खुर्च्या मांडत. कांद्याचे व्यापारी, एसटीचे कंडक्टर, दानपेटीतली चिल्लर घेऊन येणारे गुरव आणि मी, असे कोणीही तिथे येऊन बसायचे. ज्याच्या हाती वेगळे दिसणारे नाणे लागले, तो ते घेऊन यायचा. कवळीसाठी लागणाऱ्या गुलाबी मेणाचा गोळा घेऊन बाई समजावून सांगायच्या. "ही कोरी चकती. हिच्याभोवती हे पोलादाचं कडं. वरून एक साचा, खालून एक साचा. क्षणभर दाब. झालं, नाणं जन्मलं. या क्षणापर्यंत जे बिघडलं ती जन्मखूण. त्यानंतर जे झालं ती जखम. मग ती बैलगाडीच्या चाकाखाली झालेली असो, रसवंतीच्या चरकात झालेली असो, नाहीतर माणसाच्या हावेनं झालेली असो."

नाणे हातात घेतले की त्यांचा एकच प्रश्न असायचा : "टांकसाळीत हे कसं घडेल ते मला सांगा." सांगता आले तर पुढे बोलायचे. सांगता आले नाही तर ते बाहेर घडले. नाण्यावर वर उचललेली जादा रेघ असेल तर साच्याला तडा गेला होता, ती जन्मखूण. रेघ आत खोल गेलेली असेल आणि तिच्या दोन्ही काठांना धातू ढकललेला असेल तर कोणीतरी ओरखडले आहे, ती जखम. कडेचा तुकडा नसेल तर तुटलेली बाजू सोडून आधी बरोबर समोरची कड पाहायची. चकतीच अपुरी आली असेल तर तिथे धातू नीट दाबला जात नाही आणि समोरची कड पुसट उठते. समोरची कड ठणठणीत असेल तर तुकडा मागाहून कापलेला आहे. मी आयुष्यभर लोखंड कापत, वाकवत, दाबत आलो. धातू खोटे बोलत नाही हे मला ठाऊक होते. पण त्याला प्रश्न कसा विचारायचा ते मी त्या ओट्यावर शिकलो.

एकदा आमचे कंडक्टर मित्र धावतच आले. "म्याडम, लई मोटा घबाड! शिंव्ह गायब झाल्यात बगा, रुपयावरचं."

बाईंनी भिंग लावले. "मशीनमधून आलंय असं वाटतंय का तुम्हाला?"

"म्हंजे काय! येकदम मशीनमधनं."

"बरोबर आहे. ग्राइंडर मशीन."

ओटा हसला. सगळ्यांत जास्त कंडक्टरच हसले. बाईंचे हे वैशिष्ट्य मी पुष्कळदा पाहिले. त्या नाण्याला खोटे म्हणायच्या, पण ते घेऊन आलेल्या माणसाला कधी खोटे म्हणाल्या नाहीत.

आणे गावचे एक गृहस्थ मला आजही आठवतात. पठारावरची कोरडवाहू शेती, बोलणे कमी. घर बांधताना उंबऱ्याला नाणे ठोकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यांच्या आजोबांनी ठोकलेले तांब्याचे नाणे त्यांनी पटाशीने उचकटून आणले होते. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते की एका बाजूने गुळगुळीत असलेले जुने नाणे म्हणजे टांकसाळीची दुर्मिळ चूक. आई नको नको म्हणत असताना त्यांनी ते काढले होते. बाईंनी ते बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता सरळ सांगतील. त्यांनी विचारले, "घरात माणसं किती वर्षं राहतायत?" गृहस्थ म्हणाले, "आज्यापास्नं." बाई म्हणाल्या, "मग हे नाणं तुमच्या घरानं घडवलंय. एवढं सारखं झिजायला तेवढे पाय लागतात. टांकसाळीला हे जमणार नाही. हे परत जिथलं तिथं लावा." गृहस्थांचे तोंड उतरले. आता आईला तोंड कसे दाखवू, असे ते पुटपुटले. पुढच्या रविवारी बाईंनी ओटा बंद ठेवला, मला बरोबर घेतले आणि आम्ही आण्याला गेलो. उंबऱ्यातल्या जुन्या खोबणीत नाणे मी बसवले. बाई त्या म्हातारीशेजारी बसून होत्या आणि त्यांनी तिचा हलणारा दात तिथेच पाहिला. म्हातारी मला म्हणाली, "नीट ठोक रं. ह्यो पुन्यांदा काडायचा न्हाई." हे बोलताना तिचा डोळा लेकावर होता.

आता रागाकडे येतो.

या सगळ्यातून आपले नाणेप्रेमी मंडळ जन्माला आले. त्याची जन्मखूण म्हणाल तर बाईंचा ओटा. जुन्नरला पहिले प्रदर्शन भरवायचे ठरले तेव्हा अध्यक्ष होते तात्यासाहेब. कापडाचे मोठे दुकान, बोलण्यात वजन, गावोगाव ओळखी. तात्यासाहेबांना मी आजही भेटलो की हात जोडतो. तो नमस्कार खरा असतो. त्यांच्याशिवाय मंगल कार्यालय मिळाले नसते, पेट्या मिळाल्या नसत्या, हे मी नाकारत नाही. प्रत्येक नाण्याशेजारी माहितीचे कार्ड आणि कार्डाखाली तपासणी करणाऱ्याची सही, ही कल्पना बाईंची होती. तपासणारी व्यक्ती अर्थातच बाई.

त्या सकाळी कार्यालयाच्या मधोमध एक वेगळी काचेची पेटी मांडलेली होती. आत मखमल, वर स्वतंत्र दिवा. मखमलीवर स्टीलचा एक रुपया. त्याच्या एका बाजूला नेहमीसारखे सिंह होते. दुसऱ्या बाजूला, जिथे एकचा आकडा आणि कणसे असायला हवीत, तिथे पुन्हा सिंहच होते, पण उलटे आणि आत गेलेले, आरशात पाहिल्यासारखे. तात्यासाहेबांचे नाणे. मंडळींनी त्याला 'उलटा सिंह' असे नावही ठेवून टाकले होते. असे नाणे खरेच असू शकते. छापून झालेले नाणे साच्याला चिकटून राहिले तर पुढच्या कोऱ्या चकतीवर त्या साच्याऐवजी चिकटलेल्या नाण्याचाच ठसा उमटतो, उलटा आणि खोल. फार क्वचित सापडते. मंडळाला आकाश ठेंगणे झाले होते.

बाई पेटीपाशी थांबल्या. "किल्ली द्या."

तात्यासाहेब म्हणाले, "मॅडम, पाहुणे रस्त्यात आहेत. तुम्ही फक्त सही करा. काचेतून दिसतंय की सगळं."

"दात मी काचेतून बघत नाही, तात्यासाहेब."

किल्ली आली. बाईंनी नाणे दिव्याखाली धरले. मी शेजारीच उभा होतो. त्यांच्या कपाळावर आठी उमटली आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे छापलेलं नाहीये. हे चावलंय."

मग त्यांनी सगळ्यांना भिंगातून दाखवले. उलट्या सिंहांच्या खाली एकचा आकडा आणि कणसांच्या दांड्या अजून पुसट दिसत होत्या. "चकती कोरी होती ना? मग कोऱ्या चकतीवर आकडा आधीच कुठून आला?" दुसरी बाजू फिरवली. सिंहांची तोंडे चपटी झाली होती आणि त्यांवर बारीक समांतर रेघा होत्या. टांकसाळीत ही बाजू साच्यावर बसलेली असते, ती ठसठशीत उठायला हवी. कोणीतरी दोन रुपये एकमेकांवर ठेवून लोखंड पकडायच्या वाइसमध्ये आवळले होते. त्या रेघा मी ओळखल्या. माझ्या टेबलावरच्या वाइसच्या जबड्याला त्याच रेघा आहेत. बाईंना हे तिथेच सगळ्यांसमोर सांगावे लागले, कारण आधी एकांतात तपासायला किल्ली मिळाली नव्हती.

तात्यासाहेबांना ते नाणे कोणीतरी विकले होते. त्यांनी स्वतः ते केले नव्हते. फसले होते. त्यात लाज काय? आपण सगळेच कधी ना कधी फसलो. त्याच क्षणी ते म्हणाले असते, "बाई, बरं झालं सांगितलंत, हे खोटं कसं ओळखायचं तेच आज लोकांना दाखवू," तर त्या पेटीइतकी शहाणपणाची पेटी दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनात सापडली नसती. त्याऐवजी ते म्हणाले, "एका नाण्यानं काय होतंय? दातवाल्या बाईंनी दात बघावेत."

बाई म्हणाल्या, "दातच बघतेय. वाइसचे आहेत."

कोणी हसले नाही. मी हसलो, पण एकटाच.

बाईंनी बाकीच्या सगळ्या कार्डांवर सह्या केल्या, त्या एका कार्डाखालची जागा मोकळी सोडली आणि पाहुणे येण्याआधी राजुरीला निघून गेल्या. दुपारपर्यंत मंडळाने नवे कार्ड छापून आणले. त्यावर सहीची जागाच नव्हती. पेटीभोवती दिवसभर गर्दी होती.

चहाच्या टेबलामागे कनात होती. कनातीला कान नसतात, पण माझे कान कनातीपलीकडे होते. पलीकडे जे बोलले गेले ते मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नाही. एक जण म्हणाला, "बाईंस्नी ते नाणं स्वतःला पायजे व्हतं, म्हनून खोटं म्हनत्यात." दुसरा म्हणाला, "तपासनीस म्हणून नाव कमी करा. बाईमाणूस हाय, आपोआप गप बसतील." तिसऱ्याने विचारले, "आनी इचारलं तर?" उत्तर आले, "कोन इचारतंय?" बोलणारे तिघेही सभासद आहेत आणि तिघांचेही लेख या ग्रंथात आहेत, असे ऐकतो. गोड आठवणी असतील.

त्यानंतर बाईंच्या ओट्यावर खुर्च्या तितक्याच मांडल्या जायच्या, पण माणसे हळूहळू कमी झाली. बाई खऱ्यालाही खोटे म्हणतात, अशी बातमी फिरली होती. कंडक्टर येत राहिले. मी जात राहिलो. पण गुरवांनी येणे सोडले, व्यापाऱ्यांनी सोडले. मंडळाच्या सभेला बाईंना बोलावणे जाईना. मी एकदा चिडून म्हणालो, "तुम्ही गप्प का बसता? एकदा चांगलं बोला ना सगळ्यांसमोर." त्या मेणाचा गोळा मळत म्हणाल्या, "मी गप्प कुठे बसलेय? सही केली नाही, हे बोलणंच आहे. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

त्यांना ठीक वाटले. मला नाही. आणि का नाही, तेही सांगतो. 'उलटा सिंह' पुढे त्याच पेटीतून जुन्नर आणि शेजारच्या तालुक्यात फिरला. शाळांत दाखवला गेला. मंडळाच्या पत्रकावर छापला गेला. मग तो मंडळाचे बोधचिन्हच झाला. खोटे नाणे चुकून पेटीत राहते तेव्हा ती चूक असते. ते पेटीतून उचलून कपाळावर लावले की ती चूक राहत नाही. एक दिवस घोडेगावकडचा एक किराणा दुकानदार माझ्या वर्कशॉपमध्ये आला आणि खिशातून दोन रुपये काढून म्हणाला, "भाऊ, जरा वाइसमदी दाबून द्या की. तात्यासाएबांच्यासारकं करायचंय."

मी म्हणालो, "तात्यासाहेबांचं तर टांकसाळीतलं आहे ना?"

तो डोळा मिचकावून म्हणाला, "ते कागदाव हाय, भाऊ. कसलं हाय ते समद्यांस्नी ठावं हाय."

म्हणजे सगळ्यांना माहीत होते! बाईंची बदनामी करायला लोक होते, बाईंचे खरे होते हे मनात जाणणारे त्याहून जास्त होते, आणि तोंडाने म्हणणारा एकही नव्हता. त्या माणसाला मी हाताला धरून गेटबाहेर काढले. तो गेल्यावर मी वाइसचा जबडा बंद केला. आणखी किती वर्कशॉपमध्ये कोणकोण असेच दोन रुपये घेऊन गेले असतील आणि त्यांनी ती नाणी कोणाच्या गळ्यात मारली असतील, ते देव जाणे. आण्याच्या त्या गृहस्थांच्या डोक्यात उंबरा उचकटायचे जे भूत भरवले गेले, ते असल्याच पेट्यांतून निघते.

आता मंडळाला नवे अध्यक्ष आहेत, तात्यासाहेब मार्गदर्शक आहेत, आणि मंडळाला बाईंचा सत्कार करायचा आहे. चांगली गोष्ट आहे. बाहेरगावचे संग्राहक जुन्नरला आले की पहिल्यांदा बाईंबद्दल विचारतात, हे उशिरा का होईना मंडळाच्या लक्षात आले. मी वर्गणी दिली, लेखाला होकार दिला. मागच्या आठवड्यात नारायणगावला सन्मानचिन्ह बनवणाऱ्यांकडे माझे दुसरे काम होते. तिथे टेबलावर बाईंचे सन्मानचिन्ह तयार ठेवलेले होते. लाकडी पाट, त्यावर पितळेचा मोठा गोल, गोलावर बाईंचे नाव. आणि नावाच्या वर उलटा सिंह.

मी तिथूनच चिटणीस सतीशरावांना फोन लावला. सतीशराव वयाने लहान, मनाने निर्मळ. प्रदर्शनाच्या वेळी ते मंडळात नव्हते.

"सतीशराव, हे काय बनवलंय?"

"का भाऊ, नावात चूक झाली का?"

"नाव बरोबर आहे. वरचा सिंह बाईंना चालेल का, विचारलंत?"

"अहो, ते आपलं बोधचिन्ह आहे. आणि सन्मानचिन्ह काय आवडतंय का असं कोण विचारतं भाऊ? सरप्राइज असतं."

"बाईंना सरप्राइज नक्कीच होईल."

"भाऊ, तुम्ही लई ताणता राव. इतक्या वर्षांनी कोणाला आठवतंय?"

मला आठवते, सतीशराव. आणि ज्यांचा सत्कार आहे त्यांनाही आठवते. ज्या एका खोट्या नाण्यावर सही केली नाही म्हणून त्यांना बाजूला काढले, तेच नाणे त्यांच्या नावावर बसवून त्यांच्या हातात द्यायचे, वर टाळ्या वाजवायच्या! सही मिळाली नाही तेव्हा सहीची जागा काढून टाकली. आता काय, तेच नाणे त्यांच्या दिवाणखान्यात ठेवून त्यांची संमती मिळवायची आहे? तुम्हाला ठाऊक नव्हते हे मी मानतो. म्हणून तर ते लिहून ठेवतो आहे, की यापुढे ठाऊक नव्हते असे कोणाला म्हणता येऊ नये.

फोन ठेवून मी सरळ राजुरीला गेलो. बाई ओट्यावरच होत्या. केस पांढरे झाले आहेत, भिंग तेच आहे. मी रागारागाने सगळे सांगितले. म्हणालो, "बाई, सत्काराला जाऊच नका."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "जाणार ना. बोलावलंय त्यांनी, मी जाणार. शाल घेईन, नारळ घेईन, हारही घालून घेईन. ते चिन्ह दिलं तर तेही घेईन. पण हातात आलेलं नाणं मी आधी भिंगाखाली धरते, ही माझी सवय आहे. स्टेजवर असले म्हणून ती बदलणार नाही. आणि जे दिसेल ते मी विचारलं तर सांगते, न विचारलं तरी सांगते. त्यांना आधीच कळवा, किसनराव. एखाद्याला आधी न सांगता सुई टोचणं मला आवडत नाही."

मी विचारले, "तुम्हाला स्वतःला काय हवंय? सत्कारात, म्हणतोय."

त्यांनी भिंग पदराने पुसले. मग म्हणाल्या, "त्या पेटीची किल्ली. थोडा वेळ. नाणं तिथंच राहू द्या, ते चांगलं नाणं आहे शिकवायला. मला फक्त त्याच्या शेजारचं कार्ड बदलायचंय."

मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागताना ऐकले.

तेव्हा मंडळाच्या सर्व सभासदांना, नव्या आणि जुन्या, या ग्रंथाच्या निमित्ताने माझे नम्र सांगणे आहे. बाईंनी आपल्याला एकच गोष्ट शिकवली : नाणे कसे दिसते याला महत्त्व नाही, ते तसे कशामुळे झाले याला आहे. माणसाचे आणि मंडळाचेही तेच आहे. आपल्या मंडळाच्या कडेचा एक तुकडा गेलेला आहे. तो जन्मतःच नव्हता असे आता कोणी भासवू नये. समोरची कड पाहा. ती ठणठणीत आहे. तुकडा आपण कापला.

पितळेचा गोल उतरवून त्याजागी दुसरा बसवायला माझ्या वर्कशॉपमध्ये एक दुपार लागेल. ते काम मी करीन. बोधचिन्ह कोणते ठेवायचे ते मंडळाने ठरवावे. मी सुचवीन की बाईंचे भिंग ठेवा. नव्या कार्डाचा मजकूर बाईंनी मला सांगितला आहे, तोही छापून आणतो : 'एक रुपया. वाइसमध्ये दाबलेला. ही जखम आहे.' खाली सहीची जागा असेल, चांगली ऐसपैस.

डॉ. सुमतीबाईंचे डोळे पुढेही असेच तेज राहोत, भिंग धरताना हात स्थिर राहो, गुडघे त्यांना दर रविवारी ओट्यापर्यंत सुखाने नेवोत, आणि तिथल्या खुर्च्या पुन्हा कमी पडोत. त्यांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभावे असे मी मनापासून मागतो. यात माझा स्वार्थही आहे. माझे दात आता बरेचसे त्यांनीच बसवलेले आहेत.

आणि तात्यासाहेब, सत्काराच्या दिवशी आपण व्यासपीठावर असणारच. शाल आणणारे पुष्कळ आहेत, हार आणणारे आहेत. पेटीची किल्ली मात्र अजून आपल्याच खिशात आहे. येताना ती विसरू नका. मी पहिल्या रांगेत बसेन. आपण खिशात हात घातलात की ती वाजलेली मला ऐकू येईल.